प्रती घरोघरी, भिस्त एकाच दारावर

सोलापुरातील मोठ्या कापड गिरण्या एकामागून एक बंद पडल्या; मात्र पूर्व भागातील छोट्या कारखान्यांतले यंत्रमाग चालू राहिले आणि सोलापुरी चादरीचे नाव टिकले. सारे काही एका छपराखाली आणण्यातला धोका या शहराला नव्याने सांगावा लागत नाही. संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांनीही तो ओळखून एक विकेंद्रित व्यवस्था उभी केली. परंतु ती वापरताना जगभरचे प्रोग्रॅमर पुन्हा एकाच छपराखाली गोळा झाले आहेत.

ही व्यवस्था म्हणजे ‘गिट’. मोठी आज्ञावली अनेकजण मिळून लिहितात. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद राहावी आणि गरज पडल्यास मागच्या आवृत्तीकडे परतता यावे, यासाठी असे साधन लागते. ‘सबव्हर्जन’सारख्या आधीच्या साधनांत सारा इतिहास मध्यवर्ती सर्व्हरवर असे. लिनक्सचे जनक लायनस टॉरवल्ड्स व त्यांचे सहकारी ‘बिटकीपर’ हे खासगी कंपनीचे साधन वापरत होते. २००५ मध्ये त्याच्या मोफत वापराची सवलत संपली आणि टॉरवल्ड्स यांनी गिट लिहिले. गिटमध्ये प्रत्येकाच्या संगणकावर ताज्या प्रतीबरोबर संपूर्ण इतिहासही उतरतो. एक संगणक बिघडला, तरी दुसऱ्यावरून सारे पुन्हा उभे करता येते.

सोयीची किंमत

२००८ मध्ये ‘गिटहब’ हे संकेतस्थळ सुरू झाले. गिटच्या प्रती ठेवायला जागा, चुका नोंदवायला फलक, बदल सुचवण्याची आणि तपासण्याची सोय, हे सर्व तेथे एकत्र मिळू लागले. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये ही कंपनी सुमारे ७५० कोटी डॉलरना घेतली.

या सोयीचा दुसरा पैलू भारताने डिसेंबर २०१४ मध्ये अनुभवला. दहशतवादविरोधी पथकाच्या विनंतीवरून मुंबईतील न्यायालयाने दिलेल्या आदेशानंतर दूरसंचार विभागाने ३२ संकेतस्थळे रोखण्यास सांगितले. आक्षेप अतिरेकी मजकुराला होता. पण यादीत गिटहबही होते. काही दिवसांत बंदी उठली, तरी तोवर अनेकांना ते उघडता येईना. पुढे २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराण, सीरिया व क्रिमियातील गिटहब वापरकर्त्यांवर मर्यादा आल्या. ‘गूगल कोड’ ही अशीच सेवा तर २०१६ मध्ये कायमची बंद झाली.

अशा वेळी आज्ञावली सहसा बुडत नाही, कारण तिच्या प्रती इतरांकडे असतात. बुडतो तो तिच्याभोवतीचा व्यवहार. चुकांची नोंद, बदलांवरील चर्चा, कोणाला कोणता अधिकार, हे गिटच्या प्रतीत येत नाही. ते सेवा देणाऱ्याच्या कोठारात राहते. जानेवारी २०१७ मध्ये ‘गिटलॅब’च्या कर्मचाऱ्याकडून चुकून माहितीसाठा पुसला गेला. आज्ञावली शाबूत राहिल्या. मात्र सुमारे सहा तासांतील चर्चा आणि नोंदी परत मिळाल्या नाहीत.

दुसरे दार हवे

सोलापुरातील अभियांत्रिकीचा विद्यार्थी आज शेवटच्या वर्षाचा प्रकल्प गिटहबवर ठेवतो आणि नोकरीच्या अर्जात त्याचाच दुवा देतो. ते खाते काही कारणाने गोठले, तर प्रकल्पाची प्रत त्याच्या संगणकावर उरेल; पण त्याने केलेल्या कामाची सर्वांना दिसणारी साक्ष उरणार नाही.

यावर उपाय अवघड नाही. गिटमधील एकच प्रकल्प एकाहून अधिक ठिकाणी पाठवता येतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील साधा संगणकही दुसरे ठिकाण होऊ शकतो. त्यासाठी ‘गिटी’सारख्या मुक्त प्रणाली विनामूल्य मिळतात. संपूर्ण इतिहास एका फाइलमध्ये बांधून पेन ड्राइव्हवर ठेवण्याची सोय तर गिटमध्येच आहे. चर्चा आणि चुकांच्या नोंदी मात्र वेगळ्या उतरवून घ्याव्या लागतात, आणि नेमके हेच काम राहून जाते.

गिटहब सोडण्याची गरज नाही. ते बंद असेल त्या दिवशीही काम चालेल, एवढी तजवीज मात्र हवी. विकेंद्रीकरण साधनाने दिले आहे. ते टिकवण्याची जबाबदारी वापरणाऱ्याची.