ग्रामसभेत आपलं नाव आहे, आता आवाजही हवा

आज आपण गावकारभाराविषयी बोलू.

गटांच्या बैठकीत आम्ही एक प्रश्न नेहमी विचारतो. ग्रामसभेचे सभासद कोण? बहुतेक वेळा उत्तर येतं, सरपंच आणि मेंबर. ते झाले ग्रामपंचायतीचे. ग्रामसभेचं सभासद व्हायला निवडून यावं लागत नाही की फी भरावी लागत नाही. गावाच्या मतदार यादीत जिचं नाव, ती सभासद. सासू आहे, तशी सूनही आहे. आणि ही गोष्ट भारताच्या संविधानातच लिहिलेली आहे.

ती तिथे यायला बराच काळ गेला. 1950 साली संविधान लागू झालं तेव्हा कलम 40 मध्ये एवढंच म्हटलं होतं, की राज्यांनी ग्रामपंचायती स्थापन कराव्यात आणि त्यांना अधिकार द्यावेत. ते मार्गदर्शक तत्त्व होतं. एखाद्या राज्याने पाळलं नाही, तर कोर्टात दाद मागता येत नव्हती. आपल्या महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचा कायदा 1958 साली झाला आणि जिल्हा परिषदा 1962 पासून सुरू झाल्या. पण देशात अनेक ठिकाणी पंचायतींच्या निवडणुका वर्षानुवर्षं होत नसत. सरकारच्या मनात आलं की पंचायत बरखास्त व्हायची.

मग 73 वी घटनादुरुस्ती झाली. 24 एप्रिल 1993 पासून ती लागू आहे, म्हणून 24 एप्रिल हा पंचायत राज दिन मानतात. या दुरुस्तीने काही गोष्टी पक्क्या केल्या. पंचायतीची मुदत 5 वर्षं. मध्येच बरखास्त झाली तर 6 महिन्यांच्या आत निवडणूक. निवडणूक घ्यायला राज्य निवडणूक आयोग आणि पंचायतींना पैसा कसा द्यावा हे सुचवायला राज्य वित्त आयोग. अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा आणि बायांना किमान एक तृतीयांश जागा. सरपंचपदातही बायांचा वाटा आला. महाराष्ट्राने 2011 साली तो निम्म्यावर नेला. शिवाय शेती, पिण्याचं पाणी, शाळा, आरोग्य, रेशन, महिला व बालविकास असे 29 विषय पंचायतींकडे सोपवता येतील, अशी यादीच संविधानाला जोडली.

लिहिलं म्हणून सगळं आपोआप होतं असं नाही. आपल्याकडेच 2022 साली मुदत संपलेल्या कितीतरी जिल्हा परिषदा पुढे काही वर्षं प्रशासकाच्या हाती राहिल्या. कागदावरचा हक्क वापरात राहिला तरच टिकतो. म्हणून आता ग्रामसभेकडे वळू. तिथे आपल्याला कुणी निवडून द्यायची वाट बघावी लागत नाही.

आपल्या कायद्याप्रमाणे वर्षाला किमान 4 ग्रामसभा व्हायला हव्यात. प्रत्येक ग्रामसभेच्या आधी फक्त महिलांची ग्रामसभा घ्यायची असते. त्या सभेतले ठराव मोठ्या ग्रामसभेपुढे मांडायचे असतात. गावाचा विकास आराखडा, योजनेचे लाभार्थी, जमाखर्च हे सगळं ग्रामसभेपुढे यावं लागतं. घरकुल कुणाला, नळाची लाईन आधी कुठल्या वस्तीला, हे प्रश्न तिथे विचारायचे.

सभा भरायला गणपूर्ती लागते. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यात जो आकडा कमी असेल तो. गावात 400 मतदार असतील तर 60 माणसं हवीत. 900 असतील तर 15 टक्के म्हणजे 135 होतात, पण तिथे 100 पुरतात. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते. आता नीट ऐका. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, तेव्हा गणपूर्तीची अट नसते. म्हणजे आपण घरी बसलो, तर दहा-पंधरा माणसं अख्ख्या गावाचा निर्णय करू शकतात, आणि तो कायदेशीर ठरतो.

त्याहून वाईट प्रकार सहीचा. काही गावांत महिला ग्रामसभा भरतच नाही. रजिस्टर घरोघर फिरतं. "ताई, इथे सही करा, मीटिंगची आहे." बाई चुलीपुढून उठते, सही करते, पुन्हा भाकरी थापायला बसते. वर काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवत नाही. कधी कधी लिहिलेलंच नसतं, जागा कोरी असते. त्या कोऱ्या जागेत पुढे जे येईल, त्याला आपली संमती झाली.

बायांनो, बचत गटात आपण असं चालवून घेऊ का? कुणाला 10 हजारांचं कर्ज द्यायचं तरी आपण बैठक घेतो, ठराव लिहितो, सचिव तो वाचून दाखवते, मग सह्या होतात. दहा जणींच्या पैशाला जो नियम, तोच गावाच्या पैशाला लावायचा. सभा कशी चालवायची, हे आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको.

पैसा किती, तेही सांगतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. घरपट्टी, पाणीपट्टी वगैरे मिळून उत्पन्न 3 लाख असेल, तर 30 हजार झाले. ते कशावर गेले, हा प्रश्न महिला ग्रामसभेत विचारता येतो. यंदा ते अंगणवाडीच्या दुरुस्तीला लावा की मुलींच्या शिवणवर्गाला, हेही आपण सुचवू शकतो.

तर पुढच्या ग्रामसभेआधी एवढं करू. गटातल्या प्रत्येकीचं नाव मतदार यादीत आहे का, ते बघू. नव्या सुनेचं नाव माहेरच्या यादीत अडकलं असेल, तर बीएलओकडे नमुना 8 भरून ते इथे आणू. महिला सभेची तारीख ग्रामसेवकाला विचारून गटाच्या बैठकीत सगळ्यांना सांगू. आपला विषय दोन ओळींत लिहून आधीच ग्रामपंचायतीत देऊ आणि पोच घेऊ. पाच-सहा गट एकत्र जाऊ, कारण एकटीला "तुला काय कळतं" म्हणणारे पन्नास जणींपुढे गप्प बसतात. ठराव वाचून दाखवल्याशिवाय सही करायची नाही. ठरावाची नक्कल मागू. दिली नाही, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो.

गावची सरपंच बाई असेल आणि तिच्या खुर्चीत तिचा नवरा बसत असेल, तर तिलाही यातून बळ मिळतं. समोर पन्नास बाया बसल्या की तिला स्वतः उठून बोलावंच लागतं, आणि एकदा बोलली की दुसऱ्यांदा सोपं जातं.

या महिन्याच्या बैठकीत हा विषय घ्या, आणि तुमच्या गावची महिला ग्रामसभा शेवटची कधी भरली होती ते आम्हाला कळवा.