सहलीचं तिकीट केव्हा काढायचं, खोली केव्हा धरायची?

धानाची चुरणी आटोपली की आपल्या गटांमध्ये एक विषय हमखास निघतो, यंदा कुठं जायचं? कुणी शेगाव म्हणतं, कुणी शिर्डी, कुणी जवळचं नागझिरा. ठिकाण ठरायला वेळ लागत नाही. अडतं ते पुढं. चौदा जणी तयार होतात, तिकीट काढायला गेल्यावर वेटिंग लागतं, मग चौघी मागं राहतात आणि गटात रुसवे-फुगवे होतात. म्हणून आज आम्ही एवढंच सांगणार आहोत, कोणती गोष्ट किती दिवस आधी करायची.

सगळ्यात आधी रेल्वे. आपल्या वरठीचं स्टेशन म्हणजे भंडारा रोड, हावडा-मुंबईच्या मोठ्या लाइनीवरचं. गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस आणि विदर्भ एक्सप्रेस दोन्ही इथं थांबतात आणि दोन्ही शेगावला जातात. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. त्या दिवशी सकाळी ८ वाजता खिडकीवर आणि मोबाइलवर एकदमच सुरू होतं.

उदाहरण घेऊ. समजा, १२ जानेवारीला निघायचं आहे. साठ दिवस मागं मोजले की १३ नोव्हेंबर येतो. प्रवासाचा दिवस मोजायचा नाही. आता बघा, १३ नोव्हेंबरला आपण कुठं असतो? बांधीत. कापणी, बांधणी सुरू असते, धान विकून पैसा हातात यायचा असतो. सहल जानेवारीची असली तरी तिकिटाचा पैसा नोव्हेंबरात लागतो, इथंच बहुतेक गट चुकतात. उपाय बचत गटाचाच आहे. जूनपासून दर महिन्याला दोनशे रुपये बाजूला काढले तर ऑक्टोबरअखेर प्रत्येकीचे हजार रुपये जमतात. मात्र हा पैसा वेगळ्या पानावर लिहा, गटाच्या कर्जाच्या पैशात मिसळू नका. एखादी गळाली तर तिचा हिशेब तिथल्या तिथं करता येतो.

परतीचं तिकीट जरा फसवं असतं. शिर्डीसाठी आपण कोपरगावला उतरतो. परतीची महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापूरहून दुपारी सुटते आणि कोपरगावला मध्यरात्रीनंतर येते. म्हणजे १४ जानेवारीच्या रात्री जेवून स्टेशनवर आलात तरी तिकिटावर तारीख १५ हवी. ती चुकली तर गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते. आणि साठ दिवस मोजायचे ते गाडी मूळ स्टेशनवरून सुटते त्या दिवसापासून, म्हणजे कोल्हापूरच्या १४ तारखेपासून. हे तिकीट १५ नोव्हेंबरला उघडेल.

आरक्षणाच्या एका फॉर्मवर सहाच नावं बसतात. चौदा जणींना तीन फॉर्म लागतील. ४५ वर्षांवरच्या बायांसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, पण एका तिकिटावर एक किंवा दोघीच असल्या तरच तो लागू होतो. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांचा फॉर्म दोघी-दोघींचा वेगळा भरा. लांबच्या गाड्यांच्या स्लीपरमध्ये बायांसाठी सहा बर्थचा कोटाही असतो. खिडकीवर त्याबद्दल अवश्य विचारा. नाव आणि वय आधार कार्डावर आहे तेच लिहा.

एखादीला ऐनवेळी जमलं नाही तर? पक्कं झालेलं तिकीट आई-वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी किंवा नवरा यांच्याच नावावर करता येतं. त्यासाठी गाडी सुटायच्या किमान २४ तास आधी अर्ज करावा लागतो. जाऊ, नणंद, शेजारीण चालत नाही. तिकीट रद्द करायचं असेल तर जितक्या लवकर कराल तितके कमी पैसे कापले जातात. तत्काळच्या भरवशावर गट नेऊ नका. तत्काळ आदल्या दिवशी उघडतं, स्लीपरचं सकाळी ११ वाजता. एका तिकिटावर चौघीच बसतात, भाडं जास्त पडतं, आणि पक्कं तिकीट रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत.

रेल्वेचं तिकीट हातात आलं की मग राहण्याचं बघा. उलटं करू नका. खोली आधी धरली आणि गाडी मिळाली नाही तर खोलीचे पैसे अडकतात. शेगावला गजानन महाराज संस्थानच्या भक्तनिवासात आगाऊ बुकिंग नसतं. जो आधी पोचेल त्याला खोली. त्यामुळं तिथं उजेडी पोचणारी गाडी बघा. महाराष्ट्र एक्सप्रेस संध्याकाळकडे पोचते, विदर्भ रात्री उशिरा. प्रगट दिन, ऋषिपंचमी, रामनवमी हे गर्दीचे दिवस टाळा. शिर्डीत मात्र साईबाबा संस्थानच्या खोल्या आगाऊ धरता येतात. रेल्वेचं पक्कं झालं की त्याच आठवड्यात त्या धरा.

इथं एक सावधगिरी. देवस्थानांच्या नावानं खोट्या वेबसाइट आणि खोटे फोन नंबर फिरतात. कुणी व्हॉट्सअॅपवर खोलीचे फोटो पाठवून लगेच पैसे मागितले तर देऊ नका. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० वर फोन करा. उशीर केला तर पैसा हाती लागत नाही. खासगी ट्रॅव्हल्सवाल्यालाही सगळी रक्कम आधी देऊ नका. थोडी रक्कम द्या आणि पावती घ्या. तीत तारीख, गाडी, मुक्काम, जेवण आणि रद्द केल्यास किती परत, हे लिहून घ्या.

एसटीला एवढी घाई नाही. १७ मार्च २०२३ पासून आपल्याला एसटीत अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे. दिवाळी आणि आषाढी सोडली तर काही दिवस आधी आरक्षण केलं तरी चालतं. आषाढीला गावातून चाळीस किंवा जास्त जणं असतील तर थेट गावातून पंढरपूरची गाडी एसटी देते. त्यासाठी महिनाभर आधी आगारात बोला. अधिक मास आला की आषाढी पुढं सरकते, म्हणून तारीख मागच्या वर्षाच्या अंदाजानं नको, कॅलेंडर बघून ठरवा.

नागझिऱ्याला जायचं तर जंगल सफारी पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, बंद असते. दर गेटवर गाड्या ठराविकच सोडतात. रविवार, दिवाळीच्या सुट्या आणि मे महिन्यात त्या लवकर भरतात. मधल्या वारी गेलात तर घाई कमी. ओळखपत्र सोबत ठेवा.

थोडक्यात क्रम असा. आधी तारीख आणि नावं पक्की करा, सहा महिने आधीपासून पैसा जमवा, साठाव्या दिवशी सकाळी रेल्वे, त्याच आठवड्यात खोली, आणि शेवटी तिथली गाडी. गटाच्या पुढच्या बैठकीत कॅलेंडर समोर ठेवा आणि साठ दिवस मागं मोजून त्या तारखेवर खूण करा. खिडकीवर कोण जाणार तिचं नावही तिथंच लिहा.