नवं चाक, जुनी चेन

गेल्या व्याख्यानात आपण ‘मिलिंदप्रश्ना’तला रथ पाहिला. आस म्हणजे रथ का, चाकं म्हणजे रथ का, असं नागसेन राजाला विचारत जातो. नैयायिक मात्र म्हणतात, सुट्या भागांहून वेगळा असा ‘अवयवी’ असतोच. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी विचारलं, “सर, आमच्या हार्वेस्टरला याचा काय उपयोग?” प्रश्न थट्टेचा होता. आज आपण तो गंभीरपणे घेऊ.

कंबाइन हार्वेस्टर कापणी, मळणी आणि सफाई एकाच फेरीत करतो. कापलेलं पीक मळणीच्या ड्रमकडे नेणं, धान्य टाकीत चढवणं, अशी बरीच कामं चेनवर चालतात, आणि त्या चेनला फिरवतं दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट. हान्स रेनोल्ड यांनी १८८० साली मँचेस्टरला बुश-रोलर चेनचं पेटंट घेतलं. आजची चेन मुळात तीच.

आमच्या भावाच्या शेतात एका वर्षी सोयाबीन काढायला भाड्याचं मशीन आलं. स्प्रॉकेटचे दाते झिजलेले होते, म्हणून चालकाने नवं बसवलं. चेन “अजून चालते की” म्हणून जुनीच ठेवली. तिसऱ्या दिवशी चेन दात्यांवरून उड्या मारू लागली. काम थांबलं, तेवढ्यात पाऊस आला, आणि उभ्या पिकाच्या शेंगा तडकून दाणे मातीत गेले. नव्या चाकात खोट होती का? नव्हती. मग बिघडलं काय?

आपण म्हणतो, चेन “ताणली”. खरं तर पोलादी पट्ट्या फारशा ताणत नाहीत. प्रत्येक सांध्यात पिन आणि बुश एकमेकांवर घासून झिजतात, आणि ही बारीक झीज साठत जाऊन चेन लांबते. दोन पिनांमधलं अंतर, म्हणजे पिच, वाढतो. नव्या चाकाच्या दात्यांमधलं अंतर मात्र मूळ मापाचं. मग भार सगळ्या दात्यांवर न वाटला जाता एखाद-दोन दात्यांवर येतो, रोलर दात्याच्या टोकाकडे चढतो, आणि नवं चाक लवकर खराब होतं. उलट केलं तरी तेच. जुन्या चाकाचे दाते आकड्यासारखे वाकडे झालेले असतात, नव्या चेनचे रोलर त्यात अडकतात, नीट सुटत नाहीत. म्हणून चेन आणि तिच्यावरची स्प्रॉकेट्स एकदमच बदलावीत.

झीज मोजायची कशी? पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मिमी पिचची चेन घ्या. ती ताणून धरा आणि १२ पिच मोजा, पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत. नवी असेल तर २२८.६ मिमी भरेल. २ टक्के वाढली तर सुमारे २३३, ३ टक्क्यांना सुमारे २३५.५. साधारणपणे ३ टक्क्यांच्या आतच चेन बदलतात. मशीनच्या पुस्तिकेत कमी मर्यादा दिली असेल तर ती पाळायची.

नवं चाक घेताना “असंच द्या” एवढं पुरत नाही. १२ए आणि १२बी या दोन्ही चेनचा पिच एकच, पण आतली रुंदी अनुक्रमे १२.५७ आणि ११.६८ मिमी. त्यामुळे दात्याची जाडीही वेगळी लागते. दाते मोजा. चालवणाऱ्या चाकाला १४ ऐवजी १३ दाते आले, तर पुढच्या शाफ्टचा वेग सुमारे ७ टक्के घटतो. भोकाचा व्यास, चावीची खाच आणि हबची लांबी पाहा. बसवल्यावर दोन्ही चाकांच्या बाजूंना सरळ पट्टी लावून ती एका रेषेत आहेत ना, हे बघा. आणि हे सगळं इंजिन बंद करून, किल्ली खिशात ठेवूनच. चेनमध्ये सापडलेलं बोट पुन्हा मिळत नाही.

आता त्या श्रोत्यांचं उत्तर. न्यायाच्या भाषेत दोन वस्तूंच्या भेटीला ‘संयोग’ म्हणतात. दाता आणि रोलर दोन वेगळ्या वस्तू खऱ्या, पण शेकडो तास एकमेकांवर चालून दोघांनी एकमेकांचा आकार बदललेला असतो. आपण दुकानातून एक वस्तू आणतो, तिचा दुसरीशी असलेला संबंध आणत नाही. तो आपल्यालाच पाहावा लागतो, आणि हंगाम सुरू व्हायच्या आधी पाहावा लागतो. पुढच्या वेळी पुन्हा रथाकडे वळू.