पुण्याची आयटी कंपनी, इटलीचं डिझाइन घर

सौदा : डिसेंबर २०१५ मध्ये जाहीर. टेक महिंद्रा (मुख्यालय पुणे) आणि महिंद्रा अँड महिंद्रा यांनी मिळून 'पिनिनफरिना'चे ७६.०६ टक्के शेअर घेतले. भाव शेअरला १.१० युरो, म्हणजे एकूण सुमारे अडीच कोटी युरो. एवढ्या नामांकित घराण्यासाठी ही रक्कम लहानच. कंपनी तेव्हा कर्जात होती.

पिनिनफरिना : स्थापना १९३०, तुरिन. संस्थापक बातिस्ता 'पिनिन' फरिना. १९५० च्या दशकापासून कित्येक फेरारींचं रूप इथेच घडलं.

गल्लत नको : 'पिनिनफरिना' डिझाइन करते. 'ऑटोमोबिली पिनिनफरिना' ही २०१८ साली महिंद्राने काढलेली वेगळी, मोटार बनवणारी कंपनी.

बातिस्ता : 'ऑटोमोबिली पिनिनफरिना'ची पहिली मोटार, जिनिव्हात सादर, मार्च २०१९. पूर्ण विजेवर, चार मोटर, सुमारे १९०० अश्वशक्ती. जास्तीत जास्त १५० गाड्या. बॅटरी १२० किलोवॅट-तासांची, म्हणजे वीजबिलाच्या हिशेबात १२० युनिट. बॅटरी, मोटर, कंट्रोलर ही तिन्ही नावं पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या, म्हणजे विजेच्या सामानाच्या बाजाराच्या, गिऱ्हाइकालाही पाठ असतात. फरक आहे तो ताकदीचा, आणि तो अफाट आहे.

न झालेला सौदा : तंत्रज्ञान कंपनीने नामांकित मोटार घर घ्यायचं, अशी आणखी एक बातमी होती : सप्टेंबर २०१६ मध्ये ॲपलने ब्रिटनच्या मॅक्लारेन या मोटार कंपनीकडे खरेदीसाठी विचारणा केल्याची बातमी लंडनच्या 'फायनान्शियल टाइम्स'ने दिली. अशी बोलणी सुरू नसल्याचं मॅक्लारेनने लगेच सांगितलं. ॲपलने स्वतःचा मोटार-प्रकल्प २०२४ मध्ये गुंडाळला.