ऑइल एंजिनास पुरेशी हवा मिळते काय?

वैशाखात विहिरीचे पाणी खोल जाते आणि उसाची तहान मात्र वाढलेली असते. नेमक्या याच दिवसांत पंपाचे एंजिन दम टाकू लागते. पाटातील धार बारीक होते, धुराड्यातून काळा धूर निघतो आणि एका दिवसात भिजणाऱ्या वाफ्यांना दीड दिवस लागतो. मेस्त्रीस बोलाविले असता तो बहुधा इंधनाच्या पंपाचा शिक्का तोडून तेलाची मात्रा वाढवून देतो. दोन-चार दिवस एंजिन जोराने चालल्यासारखे वाटते. त्यानंतर धूर अधिकच काळा होतो, डिझेलचा खर्च वाढतो आणि पुढील हंगामापूर्वी रिंगा व लायनर बदलण्याची पाळी येते.

वस्तुतः अशा वेळी पुष्कळदा तेल कमी पडत नसते, हवा कमी पडत असते. ती किती कमी पडते हे शेतावरच मोजता येते. त्यासाठी पारदर्शक प्लॅस्टिकची नळी, एक फळी आणि तांब्याभर पाणी एवढे साहित्य पुरते.

विहिरीच्या पंपाचा अनुभव असलेल्या शेतकऱ्यास एंजिनाची हवा समजणे अवघड नाही. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, परंतु वास्तविक वातावरणाचा दाब ते पाणी सक्शन पाइपातून वर ढकलीत असतो. फूटव्हॉल्व्हच्या जाळीत शेवाळ अडकले की पाणी कमी येते. एंजिनाच्या सिलिंडरातही असेच घडते. दट्ट्या खाली जातो, आत पोकळी निर्माण होते आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब एअर क्लीनर, हवेची नळी व झडप यांतून हवा आत लोटतो. काही मोठ्या व आधुनिक एंजिनांत धुराच्या जोरावर फिरणारा पंखा हवा दाबून भरतो. शेतावरच्या साध्या पंप-एंजिनास असे साहाय्य नसते. वातावरण जेवढी देईल तेवढ्याच हवेवर त्यास भागवावे लागते, म्हणून वाटेतील प्रत्येक अडथळा त्याच्या शक्तीतून वजा होतो.

ही हवा किती लागते याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. 80 मि.मी. व्यासाचे सिलिंडर व 110 मि.मी. धाव असलेले 5 अश्वशक्तीचे एंजिन घेतले, तर त्याच्या सिलिंडरात एका धावेस 553 घन सें.मी. जागा होते. मिनिटास 1,500 फेऱ्या असल्या तर फोर-स्ट्रोक पद्धतीत 750 वेळा हवा ओढली जाते, म्हणजे मिनिटास सुमारे 415 लिटर. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाही. चांगल्या स्थितीतील एंजिन यापैकी 80 ते 85 टक्के हवा घेते, ती सुमारे 350 लिटर धरावी. समुद्रसपाटीजवळ तासाला हे वजन जवळजवळ 24 किलो होते. त्याच तासात पूर्ण भाराखाली जळणारे डिझेल किलोच्या आसपास असते. एक किलो डिझेल जाळण्यास रसायनशास्त्राच्या हिशेबाने साडेचौदा किलो हवा पुरे. परंतु सिलिंडरात तेल व हवा यांचे मिश्रण होण्यास क्षणभराचाच अवधी मिळतो, यास्तव वीस किलोंच्या वर हवा असल्याखेरीज धूर स्वच्छ राहत नाही. तेल विकत घ्यावे लागते म्हणून त्याचा हिशेब घरोघर ठेवला जातो. हवेचा कोणी ठेवीत नाही.

पाण्याच्या नळीची परीक्षा

एक मीटर लांबीच्या फळीवर 6 ते 8 मि.मी. पोकळीची पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षराच्या आकारात बसवावी. दोन्ही उभ्या भुजांमध्ये सेंटिमीटरची पट्टी चिकटवावी. नळी निम्म्यापर्यंत पाण्याने भरावी व पाणी स्पष्ट दिसावे म्हणून त्यात थोडी नीळ मिसळावी. एका भुजेचे तोंड उघडे ठेवून दुसऱ्या भुजेची नळी एअर क्लीनर व एंजिन यांच्या दरम्यानच्या हवेच्या पाइपास जोडावी. काही एंजिनांवर यासाठी बूच बसविलेले असते. नसल्यास पाइप एंजिनावरून सोडवून त्यास 3 मि.मी. चे भोक पाडावे, आतील कोर घासून साफ करावी व धातूचा कीस पूर्ण पुसून मगच पाइप परत बसवावा. एंजिनावर असतानाच पाइपास भोक पाडण्याची घाई कोणी करू नये. तो कीस सरळ सिलिंडरात जातो.

एंजिन सुरू केल्यावर जोडलेल्या भुजेतील पाणी वर चढते व उघड्या भुजेतील खाली उतरते. दोन्ही पातळ्यांतील अंतर म्हणजे वाटेतील अडथळा होय. एक भुजा 10 सें.मी. चढली व दुसरी 10 सें.मी. उतरली, तर अडथळा 20 सें.मी. समजावा. एका सिलिंडरच्या एंजिनात हवा झटक्याझटक्याने ओढली जात असल्यामुळे पाणी नाचते. जोडणीच्या नळीस चिमटा लावून तो हळूहळू आवळावा, म्हणजे पाणी स्थिर होते. आकडा नेहमी ठराविक फेऱ्यांवरच घ्यावा. डिझेल एंजिनात हवेच्या वाटेवर पेट्रोल एंजिनासारखी आवळणारी झडप नसते, त्यामुळे भार बदलल्याने हवा फारशी बदलत नाही. फेऱ्या बदलल्या की मात्र अडथळ्याचा आकडा लगेच बदलतो.

समुद्रसपाटीवर वातावरणाचा दाब पाण्याच्या सुमारे 1,033 सें.मी. उंचीच्या स्तंभाएवढा असतो. यावरून 10 सें.मी. अडथळा म्हणजे हवेत सुमारे एक टक्का घट, असा सोपा हिशेब निघतो. मात्र चिमटा लावून मिळणारा आकडा सरासरीचा असतो. दट्ट्या प्रत्यक्ष ओढ घेतो त्या क्षणी अडथळा याहून बराच अधिक असतो, म्हणून एका सिलिंडरच्या एंजिनात हा एक टक्का किमान समजावा.

गाळणी काढून टाकावी काय?

शक्ती वाढविण्याचा एक उपाय गावोगाव सांगितला जातो. एअर क्लीनर काढून टाका, एंजिन मोकळा श्वास घेईल, असे म्हणतात. नळीची परीक्षा या समजुतीचा निकाल लावते. समजा, स्वच्छ एअर क्लीनर असताना आकडा 8 सें.मी. आला. तो सर्वस्वी काढून टाकला तरी मिळणारा लाभ एक-दोन टक्क्यांच्या पलीकडे जाऊ शकत नाही, कारण जेवढा अडथळा होता तेवढाच दूर होणार. शिवाय डिझेल एंजिनात तेलाची मात्रा इंधन-पंप ठरवितो. धूर आधीच स्वच्छ असेल तर वाढलेल्या हवेने शक्ती दिसण्याइतकी वाढत नाही. उलटपक्षी, मिनिटास 350 लिटर हवा आत जाते ती मळणीच्या दिवसांत भुसकट व मातीचे बारीक कण घेऊन जाते. हे कण वंगणाशी मिसळले की त्यांची खल तयार होते आणि रिंगा व लायनर यांची झीज पाहता पाहता होते. टक्का-दीड टक्क्यासाठी एंजिनाचे आयुष्य देण्याचा हा सौदा आहे.

गाळणी घाणीने भरलेली असल्यास गोष्ट वेगळी. एंजिन नवे असताना, अथवा एअर क्लीनर धुऊन तेल बदलल्यावर जो आकडा येतो, तो त्या एंजिनाचा मूळ आकडा म्हणून लिहून ठेवावा. पुढे तो दुपटीवर गेला की साफसफाईची वेळ झाली असे समजावे. कागदी गाळणी असलेल्या ट्रॅक्टरांसाठी कारखान्यांच्या पुस्तकांत मर्यादा दिलेली असते, ती बहुधा 50 ते 60 सें.मी.च्या आसपास असते. पुष्कळ ट्रॅक्टरांवर लाल पट्टी दाखविणारा दर्शक असतो, तोही याच तत्त्वावर चालतो.

आकडा वाढला तर शेतकरी सावध होतो. आकडा कमी झाला तर मात्र त्यास आनंद होतो, आणि खरा धोका तेथेच आहे. गाळणी वापराने कधीही अधिक मोकळी होत नाही. मूळ आकडा 8 असून महिन्याने 4 आला, तर हवा गाळणीस चुकवून दुसऱ्या वाटेने आत शिरते आहे असे निश्चित समजावे. रबरी जोड चिरला असेल, पट्टी सैल असेल, किंवा तेलाच्या वाटीतील तेल संपले असेल. असे एंजिन तत्काळ थांबवून जोड पाहावेत.

तेलाच्या वाटीविषयी आणखी एक सूचना आवश्यक आहे. वाटीत तेल खुणेपर्यंतच भरावे. अधिक भरल्यास ते हवेबरोबर सिलिंडरात ओढले जाते व इंधनाप्रमाणे जळते. मग इंधन बंद केले तरी एंजिन थांबत नाही, उलट त्याच्या फेऱ्या वाढत जातात. असे झाल्यास हवेचे तोंड फळीने दाबून बंद करावे, हाताने कदापि करू नये. फ्लायव्हील व पट्टा यांच्याजवळ धोतराचा सोगा किंवा उपरणे मोकळे असू नये, हे येथे वेगळे सांगावयास नको.

उष्ण हवेची चोरी

पुष्कळ एंजिनघरे चार बाजूंनी बंद असतात आणि एअर क्लीनर सायलेन्सरच्या शेजारी असतो. हवा तापली की विरळ होते. सुमारे 3 अंश सेल्सिअसने तापमान वाढले की तेवढ्याच जागेत मावणारी हवा एक टक्क्याने घटते. बाहेर सावलीत 40 अंश असताना क्लीनरच्या तोंडाशी थर्मामीटर 55 दाखवीत असेल, तर सुमारे साडेचार टक्के हवा तेथेच गेली. पाण्याच्या नळीवर हे नुकसान दिसत नाही, म्हणून थर्मामीटरने तोंडाशी मोजणे अगत्याचे आहे. भिंतीस झरोका पाडून क्लीनरचे तोंड पत्र्याच्या नळीने बाहेर सावलीत, जमिनीच्या धुळीपासून उंच नेले की ही हवा परत मिळते. नळी क्लीनरच्या तोंडाहून अरुंद नसावी व तिला वळणे कमी असावीत. नळी बसविल्यावर पाण्याचा आकडा पुन्हा घ्यावा. तो 5 सें.मी.नी वाढला तर अर्धा टक्का गेला व साडेचार मिळाले, असा रोकडा हिशेब मांडता येतो.

उंचीचा परिणाम मात्र टाळता येत नाही. दर 100 मीटर उंचीस हवा सुमारे एक टक्क्याने विरळ होते. कोकणपट्टीत पुरेसे ठरलेले एंजिन सह्याद्रीच्या माथ्यावर, 1,000 मीटरांवर, नऊ-दहा टक्के कमी हवेवर चालते. अशा ठिकाणी एंजिन घेतानाच थोडे मोठे घ्यावे.

पिंपाची परीक्षा

क्लीनर स्वच्छ, आकडा योग्य, हवा थंड, तरीही धूर काळा असेल तर दोष क्लीनरच्या पलीकडे असतो. त्यासाठी एंजिन प्रत्यक्ष किती हवा घेते ते मोजावे लागते. प्रयोगशाळांत वापरली जाणारी ही रीत चांगल्या वर्कशॉपातही करता येते. 200 लिटरचे रिकामे, स्वच्छ धुतलेले पिंप घेऊन त्याचे एक तोंड जाड नळीने क्लीनरच्या तोंडास हवाबंद जोडतात. दुसऱ्या बाजूस पातळ पत्र्याची चकती बसवून तिच्या मध्यभागी 25 मि.मी. व्यासाचे धारदार कडेचे गोल भोक ठेवतात. पिंपातील हवेचा साठा झटके पचवितो, त्यामुळे भोकातून हवा संथपणे येते. पिंपास पाण्याची नळी जोडली असता वर सांगितलेल्या एंजिनास सुमारे 23 मि.मी. फरक दिसला पाहिजे. तेवढा दिसल्यास मिनिटास 350 लिटर हवा जात आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हवा पाण्याच्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. फरक 23 वरून 15 मि.मी. वर आला, तर हवा दोन-तृतीयांश झाली असे नव्हे. ती सुमारे 81 टक्के राहिली.

पिंपाचा आकडा कमी आणि क्लीनरचा अडथळाही कमी, असे आढळल्यास प्रथम टॅपेटमधील अंतर फिलर गेजने तपासावे. अंतर फाजील असेल तर हवेची झडप पुरती उघडत नाही. त्यानंतर सायलेन्सर उतरवून पाहावा. तो काजळीने दाटला असल्यास जळलेला वायू सिलिंडरातच मागे राहतो व नव्या हवेस जागा उरत नाही. धूर छपराबाहेर काढण्यासाठी तीन-तीन बाक देऊन जोडलेला बारीक पाइप पुष्कळ ठिकाणी आढळतो. त्याचाही परिणाम हाच. हेड उतरवून झडपा घासण्याचे व रिंगा पाहण्याचे काम या दोन्ही तपासण्यांनंतर करावे, कारण ते खर्चाचे आहे आणि बहुधा त्याची गरज पडत नाही.

हवेची वाट मोकळी झाल्यावर इंधन-पंपाची मात्रा कारखान्याच्या मूळ खुणेवर आणून घ्यावी. ती वाढलेलीच राहिली तर मिळविलेली हवा त्या तेलातच खर्ची पडते. धूर फिकट करडा दिसला आणि फेऱ्या भाराखाली टिकल्या की पाटाची धार पाहावी. ठराविक हौद भरण्यास आधी किती मिनिटे लागत होती व आता किती लागतात, हेच शेतकऱ्याच्या उपयोगाचे मोजमाप होय. विहिरीची पातळी दोन्ही वेळा तीच असावी.

परीक्षा संपल्यावर पाइपास पाडलेले भोक स्क्रू व वॉशर घालून घट्ट बंद करावे आणि भोवती ग्रीस लावून ठेवावे. ते उघडे राहिल्यास गाळणीनंतरची धूळ त्याच वाटेने आत जाईल, आणि पुढील वेळी नळीवरचा आकडा कमी आलेला दिसेल.