दोन रुपयांचा चेक

दोन रुपयांचा चेक कधी पाहिलाय? बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला तो फेब्रुवारी २०२३ मध्ये मिळाला. तोही पुढच्या तारखेचा!

दहा पोती कांदा घेऊन हा गडी सत्तर किलोमीटरवरच्या सोलापूर मार्केट यार्डात गेला. वजन भरलं ५१२ किलो, भाव किलोला एक रुपया. त्या ५१२ रुपयांतून गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता पट्टीवर उरले २ रुपये ४९ पैसे. चेक दोनचा, वरचे पैसे राउंड ऑफ. बियाणं, खतं, औषधं, काढणीची मजुरी हे सगळं त्याआधीच खिशातून गेलेलं.

फोटो मोबाइलवर फिरला, टीव्हीवर ब्रेकिंग न्यूज झाली, व्यापाऱ्याचं लायसन्स पंधरा दिवस सस्पेंड झालं. 'मग विकला कशाला? ठेवायचा ना!' माझी एक मैत्रीण म्हणाली. प्रश्न रास्त आहे, पण हा कांदा ठेवता येत नाही. उन्हाळी कांदा चाळीत चार-पाच महिने टिकतो. फेब्रुवारीत निघणारा लेट खरिपाचा कांदा काही आठवड्यांत सडायला लागतो. सगळ्यांचा माल एकदमच यार्डात येतो आणि भाव कोसळतो. नंतर सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं. या पाच क्विंटलचे होतात जेमतेम १,८००. त्यातही सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी, ही अट अनेकांना नडली. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये भाव वाढू नयेत म्हणून निर्यातबंदी आली. म्हणजे भाव पडला तर शेतकऱ्याचा, चढला तर आपल्या भाजीच्या बजेटचा!

शेती परवडत नाही हे काही आजचं नाही. २००३ च्या सरकारी पाहणीतच ४० टक्के शेतकऱ्यांनी सांगितलं होतं की पर्याय मिळाला तर शेती सोडू. २०१८-१९ च्या पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं सरासरी उत्पन्न निघालं १०,२१८ रुपये. त्यात मजुरीचे ४,०६३ आणि पिकांचे फक्त ३,७९८. शेतकरी म्हणवणारा माणूस पिकापेक्षा मजुरीवर जास्त कमावतो! त्यात वाटण्या होऊन होऊन महाराष्ट्रातली सरासरी जमीन १९७०-७१ च्या ४.२८ हेक्टरवरून २०१५-१६ मध्ये १.३४ वर आली.

पैशाचं एक वेळ सोडा, लग्नाचं काय? मुलगा शेती करतो म्हटलं की मुलीकडचे चहा पिऊन उठतात. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात बाशिंगं बांधून, घोड्यावर बसून, बँड लावून लग्नाळू पोरांनी कलेक्टर ऑफिसवर मोर्चा नेला होता. आपण तो फॉरवर्ड करून हसलो. मला मात्र त्या मुलींची बाजूही पटते. आईला जन्मभर खुरपताना पाहिल्यावर कोण हो म्हणेल?

बार्शीचा माझा एक मित्र हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. घरी सात एकर. शेती करू नकोस, हे त्याला वडिलांनीच दहावीत बजावलं होतं. परवा विचारलं, 'परत जाशील?' म्हणाला, 'रिटायर झाल्यावर बघू.' तोपर्यंत रान बटईनं दिलंय. आणि बटईदाराचा मुलगा? तोही पुण्यातच, बाइकवर पार्सलं पोचवतो.