कुंपणापलीकडचे संरक्षण

दुर्मीळ वनस्पती वाचवावयाची म्हणजे तिच्याभोवती कुंपण घालावयाचे, असा सर्वसाधारण समज आहे. तो किती पुरेसा आहे, हे आपण जपानमधील एका रानफुलाच्या उदाहरणावरून पाहू.

टोकियोच्या उत्तरेस सायतामा शहरात, आराकावा नदीच्या पूरमैदानात, ताजिमागाहारा ही पाणथळ भूमी आहे. तेथे एप्रिलमध्ये ‘साकुरासो’ हे गुलाबी रानफूल फुलते. एकेकाळी या नदीकाठी ते विपुल होते. एदो काळातील हौशी मंडळींनी त्याचे शेकडो वाण कुंड्यांत वाढविले. पुढे शेती व शहर यांनी नदीकाठ व्यापला. ताजिमागाहाराला १९२० साली नैसर्गिक स्मारकाचा, तर १९५२ साली विशेष नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला. आज सुमारे ४ हेक्टरांचा हा तुकडा राखीव आहे.

परंतु केवळ राखून हे फूल टिकत नाही. बोरूसारखे उंच गवत येथे दाट माजते. पूर्वी लोक ते कापून नेत. आता दरवर्षी जानेवारीत वाळलेले गवत जाळले जाते. त्यामुळे वसंतात जमिनीपर्यंत ऊन पोहोचते. नवे गवत उंच होण्यापूर्वीच साकुरासो फुलून घेते आणि उन्हाळ्यात त्याची पाने सुकतात. म्हणजे जी आग विनाशक भासते, तीच येथे पोषक ठरते.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. या वनस्पतीच्या काही रोपांत परागवाहिनी लांब, तर काहींत आखूड असते. सामान्यतः एका प्रकारचे पराग दुसऱ्या प्रकारापर्यंत पोहोचले, तरच बी चांगले धरते. हे काम लांब सोंडेची भुंगमाशी करते. इझुमी वाशितानी व त्यांच्या सहकाऱ्यांना येथील अभ्यासात या माश्यांचा अभाव व बीजधारणा अल्प असल्याचे आढळले. भुंगमाशीला घरट्यासाठी उंदरांची जुनी बिळे व अनेक महिने फुलणारी इतर झाडे लागतात. शहराने वेढलेल्या तुकड्यात ती दुर्मीळ होतात. जमिनीखालील खोडांपासून रोपे वाढत राहतात, फुलेही दिसतात; मात्र बीजातून येणारी नवी पिढी खुंटते. बहर पाहून समाधान मानणाऱ्याला ही हानी दिसत नाही.

कुंडीतील वाण जगले, म्हणून रानफूल जगले असे आपण म्हणू शकत नाही. आपल्या गावाशेजारच्या तळ्याकाठी एखादे दुर्मीळ फूल आढळल्यास प्रथम तीन गोष्टी विचाराव्यात: त्याला ऊन कशामुळे मिळते? त्याचे पराग कोण वाहते? आणि तो वाहक वर्षभर कोठे राहतो? यांची उत्तरे मिळाल्यावरच कुंपणाची जागा ठरवावी.